मासळीची आवृत्ती

टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बाळ कारखानीसचं ऑफिस होतं. तिथून चार प्रोग्रॅम विकले जात: मासळी सोसायटीसाठी एक, गृहसंस्थांसाठी एक, दूधवाल्यांसाठी एक आणि केबलवाल्यांसाठी एक. गिऱ्हाइकांना ते चार वेगळे वाटत. खरं तर मूळ एकच होतं आणि ते चंद्रभागा नाखवाने लिहिलेलं होतं.

त्या मूळ मजकुरात तिने जागोजागी खुणा घालून ठेवल्या होत्या. हा तुकडा फक्त दुधासाठी, हा मासळी सोडून सगळ्यांसाठी, असं. कुणासाठी कुठल्या खुणा धरायच्या ते एका छोट्याशा फाइलीत चार ओळींत लिहिलेलं. ती फाइल चालवली की मशीन तोच मजकूर चारदा वाचायचं, दरवेळी वेगळ्या खुणा पाळून, आणि शेवटी चार फ्लॉप्यांवर चार प्रोग्रॅम उतरायचे. तेवढा वेळ मशीनला हात लावायचा नसायचा. चंद्रभागा तेव्हा खालच्या हॉटेलातून चहा मागवायची आणि खिडकीशी उभी राहून सावकाश प्यायची. चहा संपला तरी चौथा प्रोग्रॅम व्हायचाच असायचा.

सुरुवात मासळीपासून झाली होती. एकोणनव्वद साली एम.एस्सी. होऊन ती बाळकडे लागली तेव्हा ऑफिसात मशीन होतं पण गिऱ्हाईक नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक तिनेच आणलं. तिचे वडील दामाजी नाखवा कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी होते. कुठल्या होडीने आठवड्याला किती मासळी आणली, त्याचा हिशोब ठेवायचा होता. पुढे त्याच होडीच्या जागी डोंबिवलीच्या इमारतींमधली सदनिका आली, मग कल्याणच्या दूधवाल्याचं गिऱ्हाईक, मग केबलची जोडणी. पडद्यावरचे शब्द बदलले. मूळ मजकुरात मात्र सगळीकडे ‘होडी’च राहिलं होतं. बाळ थट्टा करायचा, "चंद्रा, ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची होडी गळतेय म्हणे."

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात ही थट्टा थांबली. सन दोन हजार जवळ आलं होतं; मशीन साल दोनच आकड्यांत धरायचं, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅममधली तारीख तपासून द्यायची होती. नवरात्राच्या मांडवाचे बांबू खाली रस्त्यावर उतरत होते, त्या आवाजात बाळने विषय काढला.

"मासळीची आवृत्ती आता बंद करू या, चंद्रा."

कीबोर्डवरचा हात काढून ती त्याच्याकडे वळली.

"तीन आवृत्त्या तपासायच्या की चार? चौथीला एकच गिऱ्हाईक आहे. आणि तुझ्या बाबांकडून मी काही घेत नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस, पण तपासायला तुझा आठवडा जातो. ते डोंबिवलीवाले रोज फोन करतायत."

"मी सुट्टीच्या दिवशी करीन."

"अगं, पण कशासाठी? खाडीत मासळी राहिलीय का?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं. वरच्या अंगाला कारखाने झाले तशी खाडीच्या पाण्याला वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे रंग यायला लागले होते. शिंगाळ्या आणि निवट्या एवढेच मासे उरले होते, त्यांनाही रॉकेलचा वास यायचा. तिची आत्या शेवंती टोपली घेऊन अजून बाजारात बसायची, पण टोपलीतली मासळी ससून डॉकवरून टेम्पोने यायची.

"बाबांना मी सांगते," चंद्रभागा म्हणाली. "तू फोन करू नकोस."

रविवारी दुपारी ती सोसायटीच्या खोलीवर गेली. बाळने टाकाऊ म्हणून दिलेलं मशीन तिथे टेबलावर होतं, वर घडी घातलेला पंचा. दामाजी चष्मा लावून एका बोटाने आकडे दाबत होते. एक आकडा, मग एंटर. एक आकडा, मग एंटर. शेवंतीआत्या दारात पाय पसरून बसली होती.

"बघ गो तुझ्या बापाला," आत्या म्हणाली. "सकाळपासून शून्य टाकतंय. बोट झिजून शेंगेएवढं व्हईल."

"तू गप गो," दामाजी म्हणाले. "आठवडा बंद व्हत नाय त्याबगर."

ते खरं होतं, आणि त्याला चंद्रभागाच कारण होती. प्रत्येक होडीपुढे काहीतरी भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढचा आठवडा उघडत नसे. पहिल्या वर्षी तिने वडिलांना समजावून सांगितलं होतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला सांगितलं गेलं होतं त्याच शब्दांत: रिकामी जागा म्हणजे मोजलंच नाही. शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं. दोन्हींत फरक आहे, बाबा. दामाजींना ते इतकं आवडलं की सोसायटीच्या सभेत त्यांनी उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. "रिकामं ठेवू नका. खाडीत गेलो आणि हात हलवत आलो, तर शून्य सांगा. त्यात लाज नाय."

तेव्हाच तिने विचारलं होतं, एखादी होडी बंद झाली तर काय करायचं, त्याची सोय ठेवू का? दामाजी हसले होते. "होडी बंद व्हत नाय गो. मोडली तर नवी बांधतान. नाव तेच." त्यांच्या कोळीवाड्यात रीतच तशी होती. त्यांची स्वतःची ‘भागीरथी’ त्या नावाची तिसरी होती. पहिली आजोबांनी बांधलेली. म्हणून मासळीच्या आवृत्तीत होडी नव्याने घालता येई, काढता येत नसे. पुढे दूधवाल्यांनी मागितलं म्हणून तिने ‘रतीब बंद’ लिहिलं, पण त्या तुकड्यावर खूण घातली: मासळी सोडून.

ती खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसली. घरून निघताना जुळवलेली वाक्यं तिला आता एकेक करून पोकळ वाटू लागली.

"बाबा, ते दोन हजार सालाचं काम आहे ना..."

"थांब. मना एक विचारायचं हाय तुला." दामाजींनी चष्मा काढला. "तू शून्याचा अर्थ सांगितला व्हता. गेलो, आणि काय मिळालं नाय."

"हो."

"मग हे समदं खोटं हाय."

"खोटं कसं?"

"गेल्या सालच्या नारळी पुनवेपासून एक होडी पाण्यात गेली नाय. एक बी नाय. सहदेवची तर फाटक्या ताडपत्रीखाली पालथी पडलीय, तिच्यात कुत्री विते. आनि मी इथं दर आयतवारी बसून लिवतंय, गेली व्हती, काय मिळालं नाय. गेलीच नाय तर शून्य कसं? तूच सांग."

चंद्रभागेने पडद्याकडे पाहिलं. ओळीने होड्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे शून्य. गेलं वर्षभर हे आकडे ऑफिसात फ्लॉपीवरून यायचे आणि ती ते पाहून स्वतःला म्हणायची, निदान जातायत तरी. तिच्याच नियमावर तिने विश्वास ठेवला होता.

"रिकामं ठेवू का?" दामाजींनी विचारलं.

"मशीन घेणार नाही."

"तेच की. मग त्या दूधवाल्यांना तू दिलंस ना, बंद करायचं? बाळ सांगत व्हता. ते आम्हाला दे."

"बाबा, तुम्हीच म्हणाला होता, होडी बंद होत नाही."

"म्हणालतो." दामाजी पंच्याच्या टोकाने चष्म्याच्या काचा पुसत राहिले. "नवीन बांधतान तवा बंद व्हत नाय. कोन बांधतंय आता?"

दारातून शेवंतीआत्या म्हणाली, "दे गो त्याला. सुटंल बिचारा. शिमग्यापर्यंत असाच बसला तर मशीनच डोळे मिटंल."

चंद्रभागा जे सांगायला आली होती ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नव्हती, आणि यातच तिला सगळ्यात जास्त दुखलं. बाळशी भांडायची ती तयारी करून बसली होती. सुट्टीचे दिवस, रजा, पगारातून कापून घे म्हणायचं, इथपर्यंत. आता ज्यांच्यासाठी भांडायचं, तेच तिच्या बाजूला नव्हते.

सोमवारी तिने मूळ मजकूर उघडला. काम म्हणाल तर काहीच नव्हतं. ‘मासळी सोडून’ ही खूण पुसायची, बस. तो तुकडा तिथेच होता, वर्षानुवर्षं, मशीन दरवेळी मासळीच्या फेरीत त्याच्यावरून उडी मारून पुढे जायचं. पडद्यावरची ओळ तेवढी बदलायला हवी होती. ‘रतीब बंद करायचा?’ याच्या जागी मासळीसाठी वेगळे शब्द. तिने कर्सर त्या ओळीवर नेला. बराच वेळ तो लुकलुकत राहिला. ती एका शब्दाचीही चूक सहन न होणारी बाई होती; गृहसंस्थेच्या पावतीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी तिने फ्लॉप्या परत मागवल्या होत्या. त्या दिवशी तिने ती ओळ तशीच ठेवली आणि फाइल चालवली. चहा आला. चौथी फ्लॉपी होईपर्यंत तो तिने प्यायला नाही.

संध्याकाळी ती खोलीवर गेली तेव्हा दामाजी धुतलेला सदरा घालून बसले होते. शेवंतीआत्या बाजारातून थेट आली होती, टोपली बाहेर ठेवून. चंद्रभागेने फ्लॉपी घातली आणि पहिल्या होडीवर नेऊन दाखवलं. दामाजींनी वाकून वाचलं.

"रतीब बंद करायचा?" त्यांनी मान वर केली. "यो कुठला रतीब गो?"

"शब्द तेच राहिलेत, बाबा. बदलायचे राहून गेले."

"आता दामा म्हशी पाळतोय म्हणा," आत्या म्हणाली, आणि स्वतःच हसली. दामाजीही हसले. तिलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात पहिल्या दोन-तीन होड्या बंद होऊन गेल्या.

मग कुणी हसलं नाही. दामाजी प्रत्येक नाव मोठ्याने वाचत, जरा थांबत, आणि ‘हो’साठी ‘ह’ दाबत. सहदेवच्या होडीपाशी म्हणाले, "हिच्यावर मी पोहायला शिकलो." आत्या म्हणाली, "खोटारडा, तुला मी शिकवला, बुडत व्हतास." एका होडीचा मालक आता आंबिवलीला कारखान्यात रखवालदार होता. त्याचंही नाव त्यांनी घेतलं. शेवटी एकच ओळ उरली.

"चंद्रे, एकदा बंद केली तर परत उघडते?"

तिला खरं तेच सांगायची सवय होती, आणि यावेळी खरं तेच सांगता येत होतं. "उघडते. लोक मे महिन्यात गावाला जातात, तेव्हा दूधवाले बंद करतात. जूनमध्ये परत चालू."

"बरं," दामाजी म्हणाले. त्यांनी ‘भागीरथी’ हे नाव वाचलं नाही. बोट ‘ह’वर ठेवलं आणि दाबलं. पडद्यावर होडी राहिली नाही, म्हणून प्रोग्रॅमने आठवडा आपोआप बंद केला आणि पुढचा उघडला. तो रिकामा होता. त्यात आता काही भरायचं नव्हतं.

"घेतलं की गो यानं रिकामं," दामाजी म्हणाले, आणि मशीनवर पंचा घातला.

घट बसले त्या आठवड्यात बाळने स्वतःहून चौकशी केली. "बाबा काय म्हणाले?"

"त्यांनाच नको आहे."

बाळ काही वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी हा विषय काढायला नको होता का, चंद्रा?"

"नाही. तू हिशोबानं बरोबरच बोललास."

तिने ती चार ओळींची फाइल उघडली. बाळ मागे उभा होता. मासळीची ओळ पहिली होती. तिने ती पुसली नाही. ओळीच्या सुरुवातीला ‘रेम’ एवढं लिहिलं. ते लिहिलं की मशीन ती ओळ वाचतं आणि काही न करता पुढे जातं.

"पुसून टाक की," बाळ म्हणाला.

"राहू दे. जागा खात नाही."

तिने फाइल चालवली आणि चहा सांगितला. खाली मांडवात कुणी तरी लाउडस्पीकर लावून पाहत होतं, एक, दोन, तीन, परत एक, दोन, तीन. चहा घेऊन पोऱ्या वर आला तेव्हा तिन्ही फ्लॉप्या तयार झाल्या होत्या.