पट्टी पिवळीच राहिली

एक. दोन. तीन.

डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या गावसभागृहात भरदुपारी सत्तर माणसं मोठ्यानं आकडे मोजत होती. किटल्यांतली कॉफी गार होत होती. टेबलावर लघवीचा पेला, आणि त्यात बुडवून काढलेली पट्टी शहाण्या ओलुफच्या चिमटीत. या भागात झाडपाल्याचं औषध देणाऱ्याला 'शहाणा' म्हणतात, आणि म्हणताना कोणी हसत नाही.

"दवाखान्यातलीच पट्टी आहे, बरं का," ओलुफ म्हणाला. "लघवीत रक्त असलं की हिरवी होते. मी एक वेळ लबाडी करीन, पण पट्टीला ती कुठून जमणार?"

अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

पिवळी.

कोणीतरी गाणं धरलं. पेला वाग्नचा होता. वाग्ननं आयुष्यभर होड्या रंगवल्या आणि सिगारेटी ओढल्या. महिन्यापूर्वी त्याची लघवी लाल झाली, मूत्राशयात गाठ सापडली. मग हाउटॉर्नच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या काटेरी झुडपाच्या, नारिंगी फळांचा रस, ओलुफच्या हातचा, तीन दिवस, आणि आता ही पिवळी पट्टी.

मागच्या रांगेत वाग्नची बहीण डॉर्टे कोट न काढताच बसली होती.

तीस वर्षं ती प्रयोगशाळेत अशाच गाठींचे काप रंगवते. गाठ वाढू लागली की आजूबाजूला रासायनिक निरोप धाडते: रक्त पाठवा. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कच्च्या, गळक्या. निरोप किती आणि वाहिन्या किती, हे डॉर्टे मोजते. जास्त असतील तर गाठ स्नायूत शिरण्याचा धोका जास्त. वाग्नच्या गाठीतून तपासायला काढलेल्या तुकड्यात त्या जास्त होत्या. "बहुधा शिरेल, नक्की सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले. ओलुफ म्हणाला, "नक्की बरा होशील." वाग्ननं मंगळवारची शस्त्रक्रिया रद्द केली.

डॉर्टेनं त्याला चार वेळा समजावलं होतं. पाचव्यांदा बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून ती नुसती उठली.

"ओलुफ, ती बाटली द्या जरा."

"ज्यांचा विश्वास नाही त्यांच्या हातात रस वाया जातो, बाई."

"जाऊ दे वाया."

तिनं बाटली स्वतःच उचलली, टाचणीनं बोट टोचलं, पाण्याच्या तांब्यात एक थेंब पाडला, ढवळून ते पाणी दोन पेल्यांत ओतलं. एका पेल्यात चमचाभर रस घातला. ओलुफच्याच दोन पट्ट्या बुडवल्या.

"मोजा."

या वेळी मोजणारे थोडे होते.

दहा. वीस. नुसत्या पाण्याची पट्टी हिरवी.

साठ. रसाची पिवळीच.

"मग रक्त गेलं कुठं?" पुढच्या बाकावरच्या गेर्डानं विचारलं.

"कुठंच नाही. पेल्यातच आहे. रसात क जीवनसत्त्व ठासून भरलंय. फळात असतंच, वर यानं त्याचीच पांढरी भुकटी मिसळलीय. ते लघवीत उतरतं आणि पट्टीचा रंग बदलूच देत नाही. याच्या औषधानं आंधळी झाली ती पट्टी."

"यंत्रवाल्यांना आत्मा मोजता येत नाही," ओलुफ म्हणाला.

"तू गप रे," एक म्हातारा कोळी गुरगुरला. "तुझ्या रसानं आठवडाभर संडासात बसलोय मी."

वाग्न हसला नाही. "पण लाल रंग गेला, डॉर्टे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"जातो. या गाठीचं रक्त आपोआप थांबतं, कधी आठवडेच्या आठवडे. मग परत येतं. पण गाठ तोवर सुट्टीवर जात नाही, वाग्न."

सभागृह तिच्याकडे बघत होतं. तिला भाषण नको होतं, पण कोणीतरी बोलायला हवं होतं. "चमत्कार दाखवला की उलटंही करून बघा," ती म्हणाली. "रक्त नाही म्हणतोय ना? मग मुद्दाम रक्त घालून बघा. खरं असेल ते अशा तपासणीला घाबरत नाही. दुसरं काही मागणं नाही माझं."

काहीजण कोट चढवू लागले. दोघीतिघींनी बाटल्या तरीही पिशवीत टाकल्या. डॉर्टेनं बघितलं, पण त्यांना अडवायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"दवाखान्यात फोन तू करशील?" वाग्ननं विचारलं.

"नाही. तू कर. मी बसते शेजारी."

त्यानं चष्मा शोधला, नंबर फिरवला. फोनमधली बाई म्हणाली, तुम्ही रांगेत अकरावे आहात.

वाग्न फोन कानाला लावून थांबला.