राबलेला प्रत्येक हात

खालच्या मजल्यावर धाकटीच्या दारात पुन्हा गाडी थांबली, तसा थोरलीने हातातला साचा ओट्यावर जोरात आपटला. चॉकलेट ओतल्यावर साचा आपटावाच लागतो, आतली हवा निघून जायला. पण आजच्या आपटण्यात हवा कमी आणि जळफळाट जास्त होता.

"बघा हो वन्सं, कोण आलंय."

खिडकीतून डोकावून वन्सं म्हणाल्या, "शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई दिसतात."

थोरलीने दुसरा साचा पहिल्याहून जोरात आपटला. शाळेच्या बक्षीस समारंभाची चॉकलेटं दरवर्षी तिच्याकडून जात. हा धंदा या घरात आणला तिने. साचा कसा भरायचा, चकचकीत कागदाला घडी कशी घालायची, हे धाकट्या जावेला शिकवलं तिने. आणि वर्ष उलटायच्या आत धाकटीने खाली स्वतंत्र चूल मांडली. शिवाय कच्चं चॉकलेट कुठलं आणायचं, तर दुप्पट महागाचं! कोकोच्या मळ्यांत पोरांना जुंपत नाहीत, शेतकऱ्याला पडेल भावात नाडत नाहीत, अशा ठिकाणचं. प्रत्येक डब्यावर तिची चिठ्ठी असायची: 'या चॉकलेटमागे राबलेल्या प्रत्येक हाताला रास्त मोबदला मिळाला आहे.' लोक ती चिठ्ठी वाचत, हळहळत, आणि जास्तीचे पैसे मोजून जात.

"कुठल्या परमुलखातली पोरं, ना ओळख ना पाळख, आणि हिला त्यांचा केवढा उमाळा!" थोरली फणफणली. तिचं स्वतःचं चॉकलेट बाजारातलं सगळ्यात स्वस्त. त्याच्या बिया कोणी वेचल्या, वेचताना कोणाच्या पाठीवर वळ उठले, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर भाव वाढला असता.

वन्संनी पातेल्यातलं चॉकलेट बोटाच्या टोकावर घेऊन खालच्या ओठाला टेकवलं. ओठाला थंडावा लागला की ते ओतायला तयार. "हे झालं. खालची वेळ झाली माझी," म्हणून त्या जिना उतरल्या.

वन्सं म्हणजे दोघी जावांची नणंद. नवरा गेल्यावर भावांकडे आलेली. सकाळी वर राबायचं, दुपारी खाली राबायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी मोडलंही नव्हतं.

थोरलीला राहवेना. पदराला हात पुसत तीही खाली गेली.

खाली मुख्याध्यापिकाबाई डबा हातात धरून चिठ्ठी वाचत होत्या. कोपऱ्यात वन्सं बोटाला खळ लावून चिठ्ठ्या चिकटवायला बसल्या होत्या. थोरलीला बघून बाई ओशाळल्या.

"अहो, तुमचंही चॉकलेट छानच असतं. पण आमच्या मुलांच्या हातात दुसऱ्या मुलांच्या घामाचा खाऊ नको, असं ठरवलंय. महाग पडलं तरी चालेल."

"बरोबरच आहे तुमचं," धाकटी गोड हसली. त्या हसण्याने थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. मग तिची नजर वन्संच्या खळ लागलेल्या बोटावर गेली आणि तिला एकदम सुचलं. सापडली!

"बाई, तेवढी चिठ्ठी खरी आहे का, विचारा की हिला."

"खरीच आहे," धाकटी ताठ झाली. "थेट शेतकऱ्यांच्या संघाकडून घेते मी."

"ते मळ्यातलं झालं. इथलं सांग. हे वितळवलं कोणी? साचे भरले कोणी? डब्यात लावलं कोणी? या बसल्यात ना कोपऱ्यात, त्यांनी. प्रत्येक हाताला म्हणतेस, मग या हातांना काय देतेस?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "वन्संना? अहो, त्या काय परक्या आहेत? घरच्याच आहेत की."

किती वर्षांनी थोरलीच्या जिवाला गार वाटलं! बाई आता डबा खाली ठेवणार, हे तिला दिसतच होतं. पण बाई वन्संकडे वळल्या.

"तुम्ही दिवसभर इथेच काम करता?"

"छे. सकाळी वर असते."

"आणि वर काय मिळतं?"

वन्संनी थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ती सोसवेना.

"वरही मी घरचीच असते," त्या म्हणाल्या.

घरची! हा शब्द काढला की मजुरी बुडवायला आपण मोकळे. मळ्यातल्या पोरासाठी जास्तीचे पैसे मोजावेत, जरूर मोजावेत; न मोजणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. पण विधवा नणंद, परत आलेली बहीण, बिनलग्नाची आत्या यांच्या घामाला दोन घास आणि जुनेर दिलं की आपला हिशेब मिटला? ही चोरी आहे. घराचं दार लावून केलेली, एवढंच.

वन्संनी समोरचा डबा ओढला आणि नुकतीच लावलेली चिठ्ठी नखाने सोलली. मग दुसऱ्या डब्याची. मग तिसऱ्या.

"अहो वन्सं, हे काय करताय?" धाकटी पुढे झाली.

"मळ्यातल्या हातांचं खरं असेल, धाकटे. माझ्या हातांचं खोटं आहे. खोटं मी चिकटवणार नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "चिठ्ठी खरी होईल त्या दिवशी मला बोलवा. वरून बोलवा नाहीतर खालून," म्हणून त्या निघून गेल्या.

वन्सं खळ पुसत उठल्या. "उद्यापासून दोन्हीकडे मजुरी घेईन. किती, ते मी सांगेन. नाहीतर कोपऱ्यावरचा बेकरीवाला कधीचा बोलावतोय मला."

थोरली जिन्याकडे धावली. पश्चात्ताप वगैरे तिला अजून शिवलाही नव्हता. तिच्या डोक्यात एकच होतं: वन्संच्या हातावर पैसे आधी मी ठेवणार, ही नाही! चौथ्या पायरीवर तिने मागे वळून पाहिलं, तर धाकटी कपाटाची किल्ली शोधत होती, तीही घाईघाईने.

वन्सं दोघींकडे बघून हसल्या. या घरात आल्यापासून त्यांना एवढं मोठ्याने हसताना कोणी ऐकलं नव्हतं.

"पळू नका गं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. "बसा दोघी समोर. आधी मागच्या वर्षांचं बोलू."