बयाबाईचा पत्रा

दुपारी फुलं तोडून झाली की बयाबाई शेडमधल्या बाजेवर पडायची आणि डोळे अर्धेच मिटायची. पुरते मिटले तर लोक म्हणणार म्हातारी झोपली, आणि झोपलेल्या बाईला कुणी भीत नाही.

एका अंगाला झेंडूचा ढीग, दुसऱ्या अंगाला पोट रिकामं केलेली जुनी जीप, आणि मधे साखळीच्या कप्पीला टांगलेलं इंजिन. नातवाचा हात लागला की ते इंजिन पाळण्यासारखं डुलायचं. डिझेलचा वास झेंडूच्या वासात विरघळायचा आणि बयाबाईला वाटायचं, ही बाज जमिनीवर नाहीच, गोदेच्या पाण्यावरून सावकाश कुठंतरी चालली आहे.

जीपचं बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यावर पांढऱ्या रंगात, जाड, जरा तिरक्या अक्षरांत एकच शब्द होता: बयाबाई.

तो तिच्या नवऱ्यानं, धोंडीरामनं, स्वतःच्या हातानं लिहिला होता. लोक गाडीवर देवाचं नाव टाकतात, आईचं टाकतात. बायकोचं टाकणारा सायखेड्यात हा एकटाच निघाला. आणि हा तोच माणूस, ज्यानं उभ्या संसारात बायकोला एकदाही नावानं हाक मारली नाही. ‘ऐकलं का’ म्हणायचा. फारच रागावला तर नुसता खाकरायचा. सासूची ती सूनबाई, पोरांची बाई, गावाची धोंडीरामची. तिचं नाव राहत होतं ते बॉनेटवर. शाळेत ती दोन पावसाळेसुद्धा टिकली नव्हती, पण तेवढा एक शब्द तिला धुक्यातूनही वाचता यायचा.

धोंडीराम गेला, मग जीपचं इंजिनही गेलं. नातू रोहित सातपूरच्या कारखान्यात कामाला. त्यानं भंगारातून टर्बोचं इंजिन आणलं आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये बसून त्याचं हाडन् हाड सुटं केलं. पिस्टन रॉकेलनं धुतले, नव्या रिंगा घातल्या, एकेक बोल्ट पुसून परत जागेवर बसवला.

“आन् ही गोगलगाय कसली रं?”

“तोच टर्बो, आजी. इंजिनातून धूर निघतो ना, त्या धुरानं इकडचा पंखा फिरतो. त्याच दांडीवर तिकडं दुसरा पंखा. तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जेवढी हवा तेवढी ताकद.”

बयाबाईनं जरा विचार केला. “म्हंजी चुलीच्या धुराकडूनच फुंकणी मारून घ्यायची.”

“अगदी तसंच.”

“लबाड हायेत मेले. आमचं डोळं गेलं फुंकून फुंकून, आन् ह्यांनी धुरालाच कामाला लावलं.”

कप्पीची साखळी कुरकुरत खाली आली आणि इंजिन जीपच्या पोटात बसलं. त्यानंतरच्या एका दुपारी अर्धमिटल्या डोळ्यांना बॉनेटवर काहीतरी नवं दिसलं. बरोब्बर तिच्या नावाभोवती खडूची चौकट.

“रोहित! माज्या नावाला कुंपण कुणी घातलं?”

रोहित हातातला पान्हा उगाच पुसत राहिला. “आजी, कोंबलेली हवा तापते. ती गार करायला एक जाळी असते, इंजिनाच्या डोक्यावर. तिला वारा लागतो. म्हणून बॉनेटला भोक...”

“मग पाड की. कडंला पाड.”

“जाळी मधोमध आहे. नावही मधोमधच आहे.”

“नाव आधी आलं, जाळी मागून. जाळीनं सरकावं. त्या पत्र्याला कटर लावलास तर तुलाच ह्या साखळीला टांगीन.”

रोहितनं चौकट पुसली. जाळी पुढं, रेडिएटरच्या तोंडाशी नेली, लांबलचक पाइप वळवून वळवून बसवले आणि आजीला शेजारी घेऊन चाचणीला निघाला.

चांदोरीच्या अलीकडं रस्ता सरळ झाला, त्यानं पाय दाबला, आणि कुठूनशी शीळ आली. बारीक, लांब, उसाच्या पात्यावरून वारा जावा तशी. मागून कुणीतरी मोठा तळहात लावून ढकलावं तशी जीप पुढं सरकली. दोन्ही बाजूंचं शिवार पातळ होऊन वाहू लागलं. बयाबाईचे डोळे त्या दिवशी पुरते मिटले, आणि कोण काय म्हणेल याची तिला शुद्धही राहिली नाही.

मग शीळ थांबली. इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा लाल रेघेला टेकला होता. रोहितनं गाडी बाभळीखाली घेतली आणि बॉनेट उघडून काचेला टेकवलं.

“रेडिएटर जुना आहे ना, त्यामुळं,” तो म्हणाला.

“खोटं बोलताना तुजा आजा पण असाच चाकाकडं बघायचा.”

रोहितनं चाकावरची नजर उचलली. मग हळूच म्हणाला, “पुढची जाळी रेडिएटरचा वारा अडवते. जाऊ दे, आजी. हे इंजिन काढतो, साधं घालतो. नाव जागेवर राहील.”

बयाबाई आतच बसून होती. उघडलेलं बॉनेट काचेसमोर उभं होतं आणि त्यावर तिचं नाव, उलटं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्या जवळून तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. काचेत नावच नाव होतं. रस्ता कुठंच दिसत नव्हता.

तिनं मान वाकडी करून बघितलं, तरी नाही.

“काप,” ती म्हणाली.

“काय?”

“पत्रा काप, म्हणते. तुजं ते साधं इंजिन नको मला. ह्याची शीळ ऐकली म्या. आन् बंद गाडीवरचं नाव कोण वाचणार? शेडातल्या कोंबड्या?”

घरी आल्यावर बॉनेट तिनं स्वतः दाबून धरलं. कटरच्या ठिणग्या झेंडूच्या पाकळ्यांसारख्या उडाल्या. सुटलेला तुकडा गरम होता. तिनं तो पदरात झेलला आणि निवेपर्यंत खाली ठेवला नाही.

“नाशिक रोडला एक पेंटर आहे,” रोहित जाळी जागेवर बसवत म्हणाला. “भोकाच्या वरती नवीन नाव काढून घेऊ. एकदम सरळ अक्षरात.”

“सरळ तुज्या पेंटरच्या आईचं काढ म्हणावं. माजं त्यांनी वाकडं काढलं, वाकडंच ऱ्हाऊ दे. हाच पत्रा मागं ठोक.”

“मागं?”

“जुन्या इंजिनाला सगळी दुनिया वलांडून जायची, म्हणून नाव पुढं होतं. आता तुजी गोगलगाय म्हणते तशी पळत असंल, तर वाचणारं मागंच असतील.”

दसऱ्याच्या आदल्या पहाटे जीप फुलं भरून नाशिकच्या फुलबाजाराला निघाली. पुढची जागा सोडून बयाबाई मागं, झेंडूच्या क्रेटांमध्ये, रस्त्याकडं तोंड करून बसली. रोहितनं समजूत घालून पाहिली, मग नाद सोडला. काटा आपल्या जागी स्वस्थ होता. शीळ सुरू झाली. धुक्यातून दूधवाले, टेम्पो, कारखान्याच्या बस उमटायच्या, जवळ यायच्या आणि परत मागं, पांढऱ्यात, विरघळून जायच्या. प्रत्येकाची नजर आधी पत्र्यावर पडायची, मग तिच्यावर. आणि ओठ हलायचे. आवाज काही पोचत नव्हता. पण तिला तो शब्द ओठांवरही वाचता येत होता.

एक म्हातारा टेम्पोवाला काचेला नाक लावून अक्षर अक्षर जुळवत होता. पहिली दोन झाली असतील नसतील, तेवढ्यात जीपनं उसळी घेतली.

बयाबाईनं मागूनच लोखंडावर हात आपटला.

“रोहित, हळू घे जरा! त्याचं अजून वाचून व्हायचं हाय.”