बिनपानांचं झाड

काचेच्या आत, फ्रेमच्या तळाशी, एक तुकडा पडला होता. जिऱ्याएवढा, काळसर, एका टोकाला किंचित वाकलेला... स्टुलावर उभ्या असलेल्या आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला टेकेल इतकं पुढं नेलं. काल होता का हा इथं? रोज सकाळी आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं ही काच पुसायची, हे काम दोन वर्षं त्यांच्याकडंच होतं, कारण बायकोचा, वच्छलाबाईंचा हात दारावर एवढ्या उंच पोचत नव्हता — आणि या दोन वर्षांत त्यांनी फक्त काच पाहिली होती. आतलं काही पाहिलं नव्हतं.

आत लाल कापडावर इंद्रजाल होतं. हातपंख्यासारखं पसरलेलं, फांदीला फांदी चिकटून जाळी झालेलं, पान नाही की फूल नाही. समुद्रातलं झाड. घरात असलं की नजर लागत नाही, बाधा होत नाही, पोटातलं पोटात टिकतं...

"झाड न्हाई हो ते, गुरुजी."

काल दुपारी वर्षाराणी असं म्हणाली होती. पाचवीत त्यांच्या हाताखाली शिकलेली ही मुलगी आता रत्नागिरीला समुद्रातल्या जिवांचं शिकत होती. सुट्टीत आली की न चुकता भेटायला यायची. काल दारातून आत आली, वाकून पाया पडली, मान वर केली आणि तिथंच थांबली. घरात कुणाचं बरंवाईट झालेलं असावं आणि आपल्यालाच ते सांगावं लागावं, तशा आवाजात मग ती बोलली. लेक शिवकन्या आत झोपली होती म्हणूनही असेल.

हजारो जीव असतात, म्हणाली. एकेक मोहरीएवढा, एकेकाला आठ हात, आणि सगळे मिळून हा पंखा बांधतात. वर्षाला बोटभरसुद्धा वाढत नाही. मासे त्यात पिल्लं लपवतात. पूर्वी कोळ्यांच्या जाळ्यात अडकलं तर ते परत टाकायचे, आता काही जण मुद्दाम बुडी मारून खडकापासून तोडून आणतात, कारण घेणारे आहेत... घेणारे कुठले, ते तिनं सांगितलं नाही. वर दाराकडं पाहिलंही नाही. घरात ठेवायलासुद्धा कायद्यानं बंदी आहे, एवढं मात्र जाताना म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच ओशाळली.

आणि पाचवीत असताना याच मुलीनं विचारलं होतं — आप्पांना वर्गसुद्धा आठवला, पत्र्याचा, खिडकीकडची दुसरी रांग — की गुरुजी, याला पानं न्हाईत तर हे जेवतं कसं? कुठल्याशा जत्रेतून मुलांना दाखवायला म्हणून त्यांनीच ते आणलं होतं. हातात धरून वर्गभर फिरवलं होतं. समुद्रात सगळं आयतं मिळतं बाळ, असं सांगून मोकळे झाले. सगळा वर्ग हसला. पुढं अकरा वर्षं, दरवर्षी नव्या पाचवीला, तेच झाड आणि तेच उत्तर. शिकवायला कधी कंटाळलो नाही मी, एकच गोष्ट दहादा सांगायला कधी चिडलो नाही... दहादा सांगितलं, ते हे.

निवृत्त झाल्यावर शाळेच्या कपाटातल्या सामानाबरोबर ते घरी आलं आणि माळ्यावर पडलं. शिवकन्येचं दुसऱ्यांदा पोट गळालं तेव्हा वच्छलाबाईंनी ते काढलं, फ्रेम करून आणली आणि नवऱ्यापुढं धरली. विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं तेव्हा तरी काही म्हणायला हवं होतं. पण पोरगी महिनाभर सासरहून, गेवराईहून इथं येऊन भिंतीकडं तोंड करून पडली होती. खिळा मी ठोकला. मीच.

आणि आता आठवा महिना लागला होता.

"आवं, रिक्षा आली," वच्छलाबाई खालून म्हणाल्या. "किती पुसताय? काच झिजंल ती."

शिवकन्या बाहेर आली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात फाइल. दाराशी ती थांबली, मान वर करून तिनं हात जोडले, डोळे मिटले. आप्पा स्टूल धरून बाजूला उभे राहिले. तिचे ओठ हलत होते. किती शांत दिसत होता चेहरा... पहिल्या दोन्ही वेळी हा चेहरा असा नव्हता, चौथ्या महिन्यापासूनच ती दचकत उठायची. आज सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. बाळंतपण होऊ दे.

दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्यांचा नंबर अकरावा होता. पोटावर हात ठेवून शिवकन्या हळू आवाजात बोलत होती, बाळ आज लई लाथा मारतंय, आई म्हणते मुलगी असली तर अशी मारत न्हाई, आणि आप्पा हं, हं करत होते. मग तिनं हातातला मोबाइल बंद करून पिशवीत टाकला.

"जाऊबाईला बी एक पाहिजे, आप्पा."

"काय?"

"इंद्रजाल. सा वर्षं झाली बिचारीच्या लग्नाला. गेवराईत दुकानात मिळतं, पण त्यात प्लास्टिकचं बी असतंय म्हणती. तुमीच आणा. खरं कुठलं ते तुमाला कळतं."

सत्यशीला. शिवकन्येची थोरली जाऊ, आप्पांच्या ताटात भाकरी वाढताना कधी मान वर न करणारी. तिच्यासाठी आणखी एक. कुठंतरी पाण्याखाली ते आत्ता असेल, उभं, हात पसरून...

प्लास्टिकचं! आप्पांना एकदम हलकं वाटलं. प्लास्टिकचंच न्यावं. कुणाचा जीव जात नाही, कुणाचं मन मोडत नाही, लाल कापडावर कुणाला काय कळतंय? पण शिवकन्या विचारणार, खरं हाय ना, आप्पा? आणि गुरुजींनी हो म्हणायचं. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा वर्गभर फिरवायचं.

"बाळ," ते म्हणाले, "ते झाड न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं. पाचवीला सांगावं तसं, सावकाश, एकेक पायरीनं. मोहरीएवढ्या जिवाचं तोंड कसं असतं, आठ हात कसे पसरतात, वाहत्या पाण्यातून घास कसा धरतात, एक जेवला तर ते शेजारच्यापर्यंत कसं पोचतं. आपल्या घरातलं तुझ्याहून म्हातारं असेल, कदाचित माझ्याहूनही. सांगता सांगता त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, बोटं फाकली, मनगट पाण्यातल्यासारखं डोलू लागलं, आवाजाला जुनी ऊब आली — किती दिवसांनी कुणीतरी असं समोर बसून ऐकत होतं — आणि मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

हात तसाच हवेत राहिला. त्यांनी तो खाली घेतला.

"जितं होतं," शिवकन्या म्हणाली.

"हो."

"उपटून आणलेलं."

"हो."

दाराशी कुणाचातरी नंबर पुकारला गेला. एक बाई उठली, मागची सरकली.

"तुमाला कधी कळलं?"

"काल. वर्षाराणी आली होती तेव्हा."

"मग आजच कावून सांगितलं?"

"सत्यशीलेसाठी दुसरा एक जीव..."

"जाऊबाईला मी थांबवलं असतं. महिनाभर काय, वर्षभर थांबवलं असतं." आवाज चढलेला नव्हता. समजावून सांगावं तसं ती बोलत होती. त्यांच्याकडूनच उचललेली ती रीत होती. "तुमाला धीर निघला न्हाई, आप्पा. कळलं की सांगून टाकायचं. ऐकणाऱ्याचं काय हुईल ते बघायचं न्हाई. आता रातीला मी कुणाकडं बघून झोपू?"

आप्पांनी तोंड उघडलं. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, हे सगळं तुला त्यांच्यामुळं... वाक्यं तयार होती. सगळी खरी होती. एकेक करून ती आली आणि त्यांनी ती एकेक करून आत ठेवली. जागच्या जागी धरून राहिलेलं काहीतरी आपण आत्ता तोडलं, हे त्यांना बोटांच्या टोकांत कळत होतं. आणि तोडलेलं परत तिथं लावायचं कसं, हे काही कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिचा नंबर आला. आधाराला त्यांनी हात पुढं केला. तिनं तो पाहिला, बाकाची कड धरली आणि स्वतःच उठली.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "आणि काढू बी नका. काढायचं का ठिवायचं, ते माझं मी बघीन."

हिरवा पडदा हलला आणि थांबला. आतून यंत्राची बारीक घरघर येऊ लागली. आत्ता यंत्राच्या काचेवर दिसत असेल तो जीव, कोमट पाण्यात, मूठ मिटून. नेहमी एवढा वेळ लागतो का?

शेजारची बाई सरकून जवळ आली. पाटोद्याकडची असावी, सुनेला घेऊन आलेली, बोलायला माणूस हवं होतं तिला.

"लेक का?" तिनं विचारलं.

आप्पांनी मान हलवली.

"पयलंच हाय का?"

त्यांना सगळं माहीत होतं. पहिलं कितव्या महिन्यात, दुसरं कितव्या, तारखासुद्धा. बाई वाट पाहत राहिली. आप्पा तिच्याकडं बघून ओळखीचं थोडंसं हसले. ते सांगणं त्यांचं नव्हतं. हात दोन्ही गुडघ्यांवर पालथे ठेवून, ते अजिबात हलणार नाहीत याची काळजी घेत, ते पडद्याकडं बघत बसून राहिले.