मास्तरांची अष्टमी

प्राध्यापक प्रभाकर टिपणीस नवरात्रात वारले, आणि दिवाळी उलटली तरी पनवेलच्या खाडीवर दिसत होते.

अरुंधतीला हे सांगितलं विश्वजीतने. तो तिच्या बाबांचा जुना विद्यार्थी. आता खाडीकाठच्या रंगांच्या कारखान्यात सांडपाण्याचं काम बघायचा. भेटायला म्हणून घरी आला, फोटोला नमस्कार केला, चहा निम्मा तसाच ठेवला आणि उठता उठता म्हणाला, "मॅडम, एक सांगू? हसू नका."

"सांग."

"गेटवरचे लोक म्हणतात, सर अजून येतात. मी झापलं त्यांना. पण गेल्या अष्टमीला स्वतः गच्चीवर जाऊन बघितलं. बंधाऱ्यावर उभे होते. ती टोपी, तो खाकी सदरा, एक खांदा पाडून."

"लांबून कुणीही तसंच दिसतं रे."

"सरांचा लास्ट बेंचर आहे मी. त्यांना लांबूनच ओळखतो." त्याला हसू आलं, ते लगेच विरलं. "घाबरलो, खरं सांगतो. मग म्हटलं, आलेत तर आलेत. नेहमीचं ते करून घेतलं."

"नेहमीचं म्हणजे?"

विश्वजीत खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. "म्हणजे… लांबूनच नमस्कार," तो म्हणाला.

त्या रात्री अरुंधतीला झोप आली नाही असं नाही. आली, पण झोपेतही कुणीतरी खोकत होतं, आणि तो खोकला ओळखीचा होता.

बाबा मुंबईच्या कॉलेजात पर्यावरण अभियांत्रिकी शिकवत. हा विषय म्हणजे गटारं मोजणं असं स्टाफरूममध्ये म्हटलं जाई, तेव्हापासून शिकवत. पुढे अरुंधतीनेही तोच विषय घेतला आणि पुण्याला लेक्चरर झाली. बाबांचं सगळं संशोधन एका खाडीचं होतं. वर्षानुवर्षं एकाच जागचं पाणी त्यांनी तपासलं, आणि शेवटच्या काही वर्षांत त्यांचा आलेख हळूहळू वर चढत गेला. पाण्यातला प्राणवायू वाढत होता. खाडी बरी होत होती. यावरच त्यांचा मोठा प्रबंध व्हायचा होता. मरणाआधी दवाखान्यात त्यांनी तिचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "हे वर्ष पुरं कर. मग छाप." उरलेली मोजमापं घ्यायची आणि बाबांच्या नावाने ते काम उभं करायचं, यापलीकडे तिला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं. कारखानाही त्या प्रबंधाची वाट बघत होता. त्यांना आणखी एक विभाग काढायचा होता, आणि परवानगीसाठी खाडी सुधारल्याचा पुरावा हवा होता.

बाबा पाणी घ्यायला जात ते अष्टमीला. वद्य असो की शुद्ध. खाडीकाठचा हिशेब त्यांनी कोळ्यांकडूनच उचलला होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी. उजेड डोक्यावर, पाणी खाली, संध्याकाळी घरी. भरतीचं पाणी शास्त्राला चालत नाही, असं ते म्हणत. वर्षानुवर्षं त्यांनी एकही अष्टमी चुकवली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

पुढच्या अष्टमीला ती बाटल्यांची पेटी घेऊन निघाली. रिक्षात शेजारची जागा रिकामी होती, तरी ती कडेला सरकून बसली. चिंचोळ्या बांधावर उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चिखलाला नुसता चिखलाचा वास येत होता. बगळे उतरले होते. आणि पुढे, बाबांच्या नेहमीच्या जागी, बाबा उभे होते.

टोपी. खाकी सदरा. पडलेला उजवा खांदा. पाण्याकडे बघताना मान किंचित वाकडी.

"बाबा," ती म्हणाली. मोठ्याने नव्हे, पण वाऱ्यावर ते गेलं असावं, कारण माणूस वळला.

काशिराम होता तो. बाबांची बाटल्यांची पेटी उचलणारा कोळी. त्याने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून पोटाशी धरली.

"बाय, तू आज येशील आसं वाटलं नवतं," तो म्हणाला.

टोपी, सदरा काशिरामकडेच असायचे. खाडीचे कपडे आई घरात घेऊ देत नसे; बाबा काशिरामच्या झोपडीत कपडे बदलत आणि ते तिथेच खुंटीला टांगून येत. हे सगळं अरुंधतीला माहीत होतं. तरी बाटल्यांची पेटी तिने तिथेच बांधावर टेकवली.

काशिरामच्या बायकोने, चंद्रावतीने, तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि नवऱ्यावर करवादली. "पोरीला भुतासारका दिसलास ना? सांगत व्हते, खांदा येवढा नको पाडू!"

"त्याबिगर वरून वळखत नाय," काशिराम पुटपुटला.

"कोण ओळखत नाही?" अरुंधतीने विचारलं.

काशिराम टोपी झटकू लागला. मग चंद्रावतीच बोलली. लपवायचं असतं तर तिने पोरीला ओट्यावर घेतलंच नसतं. "कारखान्यावाले. तुजा बापूस आष्टमीला येतो, त्ये कॅलेंडरात बघतात. आदल्या दिसापास्नं झडप बंद करतात. घाण आतच ठेवतात. पानी निवलं की आमची जाली पडतात. आष्टमी म्हंजे आमचा सण, बाय. बाकीचे दिस मासा घावला तरी त्याला रॉकेलचा वास येतो. कोन घेतंय? मास्तर गेला म्हनून सणबी जाऊ द्यायचा काय?"

खाली डोलकाठ्या हलत होत्या. बायका टोपल्या घेऊन चिखलातून येत होत्या. एकीने ओरडून विचारलं, "मास्तर उबा हाय ना?" आणि ओट्यावरची अनोळखी बाई बघून जीभ चावली.

"बाबांना माहीत होतं?" अरुंधतीने विचारलं.

चंद्रावतीने पदराने हात पुसले. "एकदा हितंच जेवत व्हता. बोयटाचं कालवन. म्हनाला, 'चंद्रावती, तुज्याकडचा मासा बरा गोड लागतो.' मी म्हनले, 'तुमी आष्टमीला येता म्हनून.' आन् हसले."

"मग?"

"मग त्योबी हसला. आन् जेवला."

"पुढे काहीच बोलले नाहीत?"

"भात मागितला," चंद्रावती म्हणाली.

अरुंधतीने बाबांच्या जागेवरून पाणी घेतलं. बाटलीत बुडबुडा राहू नये म्हणून ती तिरकी धरून भरली, बाबा धरत तशी. दोन औषधं घालून उलटसुलट केली. प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो. तपकिरी धरला, छान दाट. बाबांचा आलेख पुरा होत होता. त्या रात्री झोपेत खोकला ऐकू आला नाही, आणि त्यानेच तिला जाग आली. हसलात तेव्हा कळलं होतं का, बाबा? ती अंधाराला विचारत राहिली. आणि कळलं असेल तर भात कसा मागितलात?

दोन दिवसांनी, दशमीला, ती पुन्हा गेली. कुणाला न सांगता.

बांधावर पोहोचायच्या आधीच वास आला. गोडसर, घशात चिकटणारा. पाण्यावर जांभळट साय होती. एकही बगळा नव्हता. तिने बाटली भरली, औषधं घातली. साका पांढरा धरला, दुधासारखा पांढरा. पाण्यात श्वास घ्यायला काही नव्हतं. तिने दुसरी भरली. तीही पांढरी.

बाबांचे आकडे खोटे नव्हते. ते अष्टमीचे होते, एवढंच.

चंद्रावती बांधावर येऊन उभी राहिली होती. तिला बाटलीतलं कळत नव्हतं, पण तोंडावरचं कळलं. "ह्ये छापनार तू?"

"हो. बाबांच्या आकड्यांच्या शेजारी."

"बापसाचं नाव जाईल."

"पहिलं नाव त्यांचंच असेल," अरुंधती म्हणाली. बाटलीचं बूच तिने घट्ट बसवलं. "आणि तुमची अष्टमीही जाईल कदाचित. एकदा उघड झालं की ते कशाला झडप बंद करतील? मी खोटं सांगत नाही, मावशी."

"सवताचा बापूस खाल्लास, आता आमचा सण खा!" चंद्रावती म्हणाली आणि तरातरा चालू लागली. थोडी पुढे जाऊन थांबली. वळली नाही. "तोवर तरी काशिरामला उबा करू का नको?"

"करा. मी कोणत्या दिवशी येईन ते मात्र कुणाला सांगू नका. मीही तुम्हाला सांगणार नाही."

"तुजा बापूस सांगायचा," चंद्रावती म्हणाली, आणि गेली.

अरुंधती एकटी उरली. मागे कुणीतरी उभं आहे असं तिला वाटत होतं. तिने वळून बघितलं नाही. बाबा कधी बांध सोडून पुढे गेले नव्हते. कारखान्याच्या नळाचं तोंड तिथून वळणाआड होतं. तिने चपला काढल्या, साडी खोचली, पेटीतली रिकामी बाटली घेतली आणि नळाच्या दिशेने चिखलात उतरली.