फाटकावर टांगलेलं जेरुसलेमचं राज्य

साहेब, माझ्या पाठीवर तुमचं नाव रंगवून घेतलंत. माझ्या पोटावर काय आहे, ते एकदा तरी पाहिलंत का?

मित्रांनो, चांदूर बाजारच्या एका शाळेचा मी कापडी नकाशा. आता म्हातारा झालो. भगवंतराव गुरुजींनी मांजरपाटावर खळ चढवून मला रंगवलं. निळा समुद्र आणि त्याच्या काठानं चिंचोळी पिवळी पट्टी, ते जेरुसलेमचं राज्य. नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले ख्रिस्ती योद्धे धर्मयुद्ध म्हणत शेकडो कोस तुडवत आले, रक्ताचे पाट वाहवून शहर घेतलं आणि परक्या मुलखात राज्य थाटून बसले. डोंगरांच्या माथ्यावर डोंगराएवढे किल्ले! पोरं आ वासून बघत. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा येई.

फाटकाशी भाजी विकणारी तानुबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या भिजवायला शाळेच्या नळावर यायची आणि खिडकीशी थबकायची. एकदा मंजुषाबाई हित्तीनची लढाई शिकवत होत्या. ऐन जुलैत, तिकडच्या कडक उन्हाळ्यात, जेरुसलेमच्या राजानं झऱ्याकाठचा तळ सोडला, फौज कोरड्या माळावर नेली. समोर तळं दिसत होतं, पण शत्रू सुलतान सलाउद्दीननं पोचू दिलं नाही. लढण्याआधीच फौज तहानेनं अर्धी मेली.

“काहून वो बाई? पानी सोडून कोनी उन्हात जाते काय?” खिडकीतून तानुबाई. “कोनी नाही म्हनलं नाही त्याले?”

“एका सरदारानं म्हटलं होतं, मावशी. राजानं ऐकलं नाही.”

“अवं माय!”

ती आत आली. ओलं बोट तिनं हित्तीनवर टेकवलं. शेजारच्या तळ्याचा निळा रंग तिथवर ओघळला.

“आजी, राज्य पुसशीन!” बाकावरून शिवम ओरडला.

“पुसत नाही रे बाप्पा, पाजून राहिली.”

पुढं दर वर्षीची पोरं माझ्यावर आधी तेच पाणी शोधू लागली.

मग साहेब, तुमचा शाळेत दौरा ठरला. फाटकावरच्या स्वागताच्या कमानीला कापड हवं होतं. “मागून कोराच तर आहे,” तुमचा माणूस म्हणाला.

“नका. उन्हात रंग उडेल,” मंजुषाबाई म्हणाल्या.

तरी पाठीवर तुमचं नाव रंगवून मला टांगलं. बाईंचं म्हणणं कळवल्यावर तुमचा फोनवर हुकूम आला, ‘मी येईपर्यंत कापड हलवायचं नाही.’ आणि तुम्ही आलातच नाही. अख्खा वैशाख मी फाटकावर पोळलो. समुद्राचे पोपडे पडले. तिकडं जवळजवळ दोनशे वर्षं तगलेलं राज्य इकडं एका उन्हाळ्यात गळून चाललं. शाळा उघडली, तरी मी टांगलेलाच. मला हात लावायची कोणाची छाती होत नाही. तानुबाई खालून म्हणते, “आता तुले कोन पाजीन रे?”

मित्रांनो, वस्तू जपा हे पोरांना काय सांगू? ती मला जपतच होती. सवाल साहेबांना आहे. त्या राजाच्या पुढं शत्रू तरी उभा होता. साहेब, तुमच्या पुढं फक्त एक मास्तरीण होती. तिचं ‘नका’ तुम्ही का ऐकलं नाही? तळ्याचा तो ओघळ अजून शाबूत आहे. तो गळायच्या आत मला वर्गात जाऊ देता की नाही?

फाटकाशी या आणि पोरांसमोर बोला.