तोंड लिंपलेलं पेव

मी पैनगंगेकाठच्या, जैनथकडच्या एका गावातलं जुनं पेव आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हटलं. माणसांशी माझी मैत्री उरलेली नाही.

पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड चिंचोळं, पोट मोठं. गावातल्या धोंडीबा शेतकऱ्याच्या आजोबांनी मला गावाबाहेरच्या उंच माळावर खणलं, आत जाळ करून भिंती शेकल्या, शेणानं सारवल्या, कडब्याचा थर लावला. सुगी झाली की घरोघरच्या बाया टोपल्यांनी ज्वारी आणून ओतायच्या. वाईट साल आलं की ज्याला लागेल त्यानं न्यायची. तेव्हा माझं फार कौतुक होतं. येईल त्या पाहुण्याला मला दाखवायला आणत.

मग निजामाच्या लेव्हीचे दिवस आले. सरकारी माणसं घराघरातून धान्य उचलू लागली. केशवराव पाटलांनी माझं तोंड चिखलानं लिंपलं, वर कडब्याची गंजी रचली आणि गावातल्या साऱ्या पुरुषांना मारुतीपुढं शपथ घ्यायला लावली, की पेवाचं नाव काढायचं नाही, तोंड फोडायचं नाही. बायांना कुणी बोलावलंसुद्धा नाही.

निजाम गेला, हैदराबाद भारतात आलं. माझं तोंड बंदच.

"सरकार बदललं, पन कचेरी थेच हाये," केशवराव म्हणायचे.

आणि एका पावसाळ्यात पैनगंगा चढली. कणग्या, पिकं, जनावरं, सगळं वाहून गेलं. माळावर माझ्या पोटातली ज्वारी तेवढी राहिली. पाणी ओसरल्यावर सरकारी माणूस विचारत आला, गावात काही दाणागोटा आहे का? साऱ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. तो मदत पाठवतो म्हणून गेला, तो गेलाच. लोक तरोट्याचा रानपाला उकडून खाऊ लागले. अरे मूर्खांनो, पायाखाली ज्वारी आहे! माझा नुसता संताप संताप झाला.

केशवरावांच्या वहिनी मथुराबाई. त्यांची लेक सोनाबाई बाळंतपणाला आली होती. पोटात अन्न नाही, तर अंगावर दूध कुठून येणार? बाळाचं रडणंही बारीक झालं, तशा एका सकाळी मथुराबाई कुदळ घेऊन आल्या, मागे शेजारच्या जयवंताबाई आणि आणखी बाया. त्यांनी गंजी ढकलली, माझं तोंड फोडलं आणि दोरीनं कंदील आत सोडला. कोंडलेल्या हवेत तो विझला. आता हवा निवळेपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात केशवराव धावत आले.

"वैनी, काय करून राह्यल्या? मारुतीची शपथ हाये!"

"शपथ तुमी घेतली, भाऊजी. आमाले कोनं बलावलं होतं? आमी त फक्त टोपले वाह्यले."

"लेव्हीवाले येतीन, सारं नेतीन!"

"नेऊ द्या. पयले माही सोनी खाईन."

कंदील पुन्हा सोडला. या वेळी तो जळत राहिला. भिंतीलगतची ज्वारी काळी पडली होती, मधली चांगली होती. संध्याकाळी भाकरीचा वास माळापर्यंत आला. सोनाबाईचं बाळ वाचलं.

धोंडीबा मात्र त्या भाकरीला नव्हता. आदल्याच आठवड्यात तो उपासमारीनं मेला होता, शपथ पाळून.

आता हैदराबाद राज्यही मोडलं. आम्ही आंध्रात, नदीपलीकडचे मुंबई राज्यात. नव्या हद्दीवर धान्य अडवतात अशी कुजबुज आहे, आणि परवा केशवराव पुन्हा चिखलाची पाटी घेऊन माझ्यापाशी उभे होते.

मित्रांनो, मला सारवा, भरा, जपा. पण माझ्यात काय आहे ते गावातल्या प्रत्येकाला उघड बोलता येऊ द्या. ते जमत नसेल तर मला बुजवून टाका. धोंडीबा उपाशी गेला तेव्हा माझं पोट भरलेलं होतं.